रेडिएशनला नॅनोकणांची जोड: गालाच्या कॅन्सरसाठी वाट बघावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, परळीजवळच्या गावात शेती. तंबाखू-चुन्याची सवय तीस वर्षांची. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, जखम भरत आली. आता रेडिएशनच्या ३३ लाईटी सांगितल्यात. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर दोन व्हिडिओ आले. एकात म्हणतात, सोन्याचे नॅनोकण सोडले की रेडिएशन दहापट काम करतं. दुसऱ्यात एक्सरेनं आतल्या आत पेटणारं औषध दाखवलंय. एका मोठ्या शहरातलं केंद्र हे सगळं मिळून साडेचार लाखांत करून देतो म्हणतंय. मुलगा विचारतोय, सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत दीड महिना थांबून वडिलांना तिकडे न्यावं का?

नका थांबू. ज्या तारखेला बोलावलंय त्या तारखेला घेऊन जा.

पण नुसतं 'नको' म्हटल्यानं तुमचं समाधान होणार नाही, कारण व्हिडिओत दाखवलेलं सगळंच खोटं नाही. त्यातलं विज्ञान खरं आहे, चांगली डोकी त्यावर वीस वर्षं राबताहेत, आणि मलाही त्याचं अप्रूप आहे. थाप आहे ती त्याच्या वयाबद्दल. दात न आलेल्या लेकराच्या हाती उसाचं कांडं द्यावं, तसं ते केंद्र करतंय.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो. मी डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरणं कुठं द्यायची आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. ती तिथंच आणि तितकीच पडतील याचा हिशेब आमच्याकडे असतो. बावीस वर्षं मराठवाड्यातल्या पेशंटचे हेच हिशेब करतोय. तेव्हा औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, किरणांचं गणित माझं.

आपल्याकडे रेडिएशनला कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक, कुणी करंट. या 'शेक' शब्दानं फार घोटाळा केलाय. लोकांना वाटतं गाठ भाजून निघते. ३३ लाईटींचे बहुतेक ६६ ग्रे होतात, रोजचे २. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. सगळेच्या सगळे ६६ ग्रे एकदम एक लिटर पाण्यात ओतले, तर ते पाणी एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं तापेल. चहाच्या एका घोटानं गालाला याच्या कितीतरी पट शेक बसतो. मग एवढ्याशा ऊर्जेनं कॅन्सर मरतो कसा? ती उष्णतेसारखी सारखी पसरत नाही म्हणून. किरण पेशीतून जाताना इलेक्ट्रॉन उडवतो. तो इलेक्ट्रॉन एक तर डीएनएची दोरी थेट तोडतो, नाहीतर आसपासच्या पाण्याचे रेणू फोडतो आणि ते चवताळलेले तुकडे दोरी कुरतडतात. एका ग्रेमागे एका पेशीत दोरीचा एकच पदर तुटल्याच्या साधारण हजार जागा होतात, आणि दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटल्याच्या चाळीसेक. एक पदर पेशी सहज सांधते. दोन्ही तुटले की सांधा चुकण्याची भीती, आणि चुकला की पेशी मरते. सगळा खेळ त्या चाळिसांचा आहे.

नॅनोकणांचं म्हणणं असं: हे चाळीस फक्त गाठीत वाढवू, शेजारच्या निरोगी भागात तेवढेच राहू देऊ.

'नॅनो' हा शब्द आपल्या गावांत युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवरून पोचला. इथं त्याचा अर्थ नुसता आकार. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाची पेशी दहा-वीस हजार नॅनोमीटरची, आणि आपण बोलतोय ते कण दोनपासून पन्नास-शंभर नॅनोमीटरपर्यंतचे. पेशीच्या आत शिरता यावं म्हणून ते एवढे बारीक हवेत.

धातू जड का हवा, हे तुम्ही एक्सरेच्या फोटोत पाहिलंच आहे. मांस काळसर दिसतं, हाड पांढरं. हाडातलं कॅल्शियम मांसातल्या कार्बन-ऑक्सिजनपेक्षा जड, म्हणून ते किरण अडवतं. कमी ऊर्जेच्या एक्सरेत हे अडवणं अणुक्रमांकाच्या जवळपास घनाच्या पटीत वाढतं. सोन्याचा अणुक्रमांक ७९; हाफ्नियम आणि गॅडोलिनियम हे दुसरे दोन जड धातू, त्यांचे ७२ आणि ६४. शरीराचा सरासरीनं सात-साडेसात. म्हणजे सोन्याचा कण भोवतालच्या मांसाच्या कितीतरी पट किरणं गिळतो आणि गिळलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या फवाऱ्याच्या रूपात जिथल्या तिथं सोडतो. त्यातले बरेच इलेक्ट्रॉन इतके कमजोर, की काही नॅनोमीटर ते फार तर एखाद-दोन हजार नॅनोमीटर जातात आणि संपतात. कमजोरी हाच त्यांचा गुण. सगळी मारामारी कणाच्या अवतीभवतीच उरकते. पाटानं सोडलेलं पाणी आणि ठिबकचं पाणी यातला फरक डोळ्यासमोर आणा.

याचा गाजलेला प्रयोग २००४ सालचा, अमेरिकेतला. हेनफेल्ड, स्लॅटकिन आणि स्मिलोविट्झ या तिघांनी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी वाढवलेल्या उंदरांच्या शिरेतून १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण सोडले आणि लगेच २५० किलोव्होल्टचे एक्सरे दिले. नुसते एक्सरे दिलेल्या उंदरांपैकी वर्षभरानं २० टक्के जिवंत होते. सोनं अधिक एक्सरे मिळालेल्यांपैकी ८६ टक्के. नुसतं सोनं दिलेला एकही नाही. तुमच्या व्हिडिओतलं 'दहापट' बहुधा अशाच कुठल्या आकड्यापासून फुगत फुगत आलंय.

आता त्या प्रयोगातल्या दोन गोष्टी, ज्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

पहिली, सोनं किती लागलं. वजनाच्या किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत. तुमचे वडील साठ किलोचे धरले तर १६२ ग्रॅम, जुन्या हिशेबानं जवळपास चौदा तोळे, तेही शिरेतून एका बैठकीत. भाव तुम्हाला ठाऊक आहे. लेकीच्या लग्नातही आपल्याकडे एवढं निघत नाही.

दुसरी माझ्या धंद्यातली, आणि तीच जास्त महत्त्वाची. ते एक्सरे २५० किलोव्होल्टचे होते. तुमच्या वडिलांना ज्या लिनॅकवर, म्हणजे रेडिएशनच्या मशीनवर, झोपवतील तिचे किरण सहसा ६ मेगाव्होल्टचे, म्हणजे सहा हजार किलोव्होल्टचे. कोबाल्टचं मशीन असेल तर सव्वा मेगाव्होल्टच्या आसपासचे. कमी ताकदीची जुनी यंत्रं आपण मुद्दामच सोडली. ती सगळा मारा कातडीवरच करायची, कातडी जळायची आणि आतल्या गाठीपर्यंत पुरेसं पोचायचं नाही. ६ मेगाव्होल्टचा किरण कातडी बरीचशी वाचवून दीड सेंटिमीटर आत गेल्यावर पूर्ण भरात येतो. पण या ताकदीला पोचल्यावर अणुक्रमांकाचा तो घनाचा फायदा गळून पडतो. इथं किरण अणूतल्या सैल इलेक्ट्रॉनांना धडकतो, आणि त्याला सोनं काय नि पाणी काय, वजनाला वजन जवळपास सारखंच. संगणकावर केलेल्या एका हिशेबात, ग्रॅमभर गाठीत ७ मिलिग्रॅम सोनं, म्हणजे उंदरांत गेलं तेवढंच, असताना १४० किलोव्होल्टला डोस निदान दुप्पट होतो असं आलं. मेगाव्होल्टला मात्र १ ते ७ टक्के वाढ, आणि त्यातला वरचा आकडा सोनं आणखी जास्त असेल तेव्हाचा.

एवढ्यावर मी फाईल बंद केली असती. पण इथं एक गंमत आहे, ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. प्रयोगशाळेत मेगाव्होल्ट किरणांखालीसुद्धा सोन्याच्या कणांनी पेशी जास्त मारल्याचं अनेकांना दिसलं, नुसत्या डोसच्या गणितानं दिसायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त. याची दोन-तीन कारणं मांडली जातात. कणाला अगदी चिकटून असलेल्या जागी डोस सरासरीच्या शेकडो पट होत असावा, आणि तिथं पेशीचा एखादा नाजूक अवयव असेल तर तेवढं पुरतं. कणाचा पृष्ठभाग पेशीतल्या रसायनात ढवळाढवळ करतो, ग्लुटाथायोनसारखा पेशीचा बचावाचा साठा संपवतो. कधी पेशी विभाजनाच्या अशा टप्प्यावर अडते, जिथं किरण तिला जास्त झोंबतात. आमच्यासारख्या हिशेबी माणसांना हे गैरसोयीचं आहे, कारण यात डोस मोजून ठरवता येत नाही. एका पेशीत लागू पडलेलं दुसरीत पडत नाही. आणि ताटलीतल्या पेशी आणि माणूस यात केवढं अंतर, ते कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कातून चांदीचे कण काढून पीएचडी केलेल्या आपल्याकडच्या पोरांना विचारा. ताटलीत तर साध्या फिनाईलनंही कॅन्सर मरतो.

माणसांवर कुठं काही झालंय का? झालंय, आणि चांगलं झालंय. फ्रान्समधल्या नॅनोबायोटिक्स कंपनीनं सोनं सोडून हाफ्नियम ऑक्साईडचे पन्नासेक नॅनोमीटरचे कण केले. हात-पाय, धड यांच्या मऊ ऊतींमधल्या सार्कोमा नावाच्या कॅन्सरच्या मोठ्या गाठींवर त्यांची चाचणी झाली. १८० पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाच्या गाठीत रेडिएशनच्या आधी एकदाच, गाठीच्या आकारमानाच्या दहा टक्के इतकं हे द्रव टोचलं; मग दोन्ही गटांना सारखेच २५ लाईटींत ५० ग्रे, आणि शेवटी ऑपरेशन. काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर जवळपास उरलाच नाही, असे पेशंट कण टोचलेल्या गटात १६ टक्के निघाले, नुसत्या रेडिएशनच्या गटात ८. दुप्पट. २०१९ मध्ये या निकालावर त्याला युरोपात सीई, म्हणजे बाजारात आणण्याची, मान्यता मिळाली. टोचताना दुखणं, रक्तदाब खाली जाणं असे त्रास काहींना झाले.

'दुप्पट' वाचून डोळे चमकतात, म्हणून पुन्हा सांगतो: शंभरातल्या आठाचे सोळा झाले, उरलेल्या ८४ जणांत तसं झालं नाही. आणि मोजलं ते काढलेल्या गाठीत काय दिसलं ते. आयुष्य किती वाढलं, हा वेगळा प्रश्न. तरीही माणसावर, रीतसर चिठ्ठ्या टाकून, मेगाव्होल्ट किरणांखाली जड धातूच्या कणांनी फरक पाडला, ही मोठी गोष्ट आहे. याच कणांची डोकं-मानेच्या कॅन्सरसाठीही मोठी चाचणी काढली गेली, ज्या वयस्कर पेशंटना सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झेपत नाही त्यांच्यासाठी.

इथं तुम्ही म्हणाल, मग झालंच की, डोकं-मान म्हणजे गालही आलाच. तर तुमच्याच प्रश्नातलं वाक्य परत वाचा. "ऑपरेशन झालं." ते कण गाठीत टोचतात. वडिलांची गाठ आता बरणीत बंद होऊन पॅथॉलॉजीच्या कपाटात आहे. उरलेत ते, असलेच तर, डोळ्याला आणि सीटी स्कॅनला न दिसणारे पेशींचे पुंजके. गालाच्या कडेला, मानेच्या गाठींच्या वाटेवर, कुठंही. सुई कुठं टोचणार? ऑपरेशननंतरची लाईट या न दिसणाऱ्या शत्रूसाठीच असते, म्हणून तर ती एवढ्या रुंद भागाला देतात. ते केंद्र हे न विचारताच साडेचार लाख सांगत असेल, तर त्यांनी वडिलांची फाईल उघडूनही पाहिलेली नाही.

गाठ नाही तर शिरेतून द्या, कण आपोआप शोधत जातील, असा पुढचा दावा असतो. त्यामागेही खरं निरीक्षण आहे. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं की गाठीतल्या घाईघाईत वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, मोठे रेणू तिथून झिरपून गाठीतच अडकून राहतात. त्यावर अख्खं शास्त्र उभं राहिलं. मग २०१६ मध्ये कुणीतरी बसून आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले. शिरेतून सोडलेल्या कणांपैकी गाठीत किती पोचले? मधला आकडा ०.७ टक्के. शंभरातला एकही धड नाही. बाकीचे लिव्हर आणि प्लीहा गिळतात. कण रक्तात उतरला की त्याच्यावर रक्तातली प्रथिनं चढतात, पुटं बसतात, आणि लिव्हरमधल्या राखणदार पेशी त्याला कचरा समजून उचलतात. कॅनॉलमधून सोडलेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत किती पोचतं, हे आपल्या भागात समजावून सांगायला नको. आणि हे सगळं मूळ गाठीबद्दल. न दिसणाऱ्या पुंजक्यांना तर स्वतःच्या गळक्या रक्तवाहिन्याही नसतात.

शिरेतून देण्याच्या प्रकारात मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारं काम फ्रान्समधलंच आहे, ग्रेनोबलचं. तिथले गॅडोलिनियमचे कण पाच नॅनोमीटरच्या आतबाहेरचे, म्हणजे किडनीतून लघवीवाटे निघून जातील इतके बारीक, आणि एमआरआयमध्ये चमकतात. म्हणजे कुठं पोचले, कुठं नाही, ते डोळ्यानं दिसतं. मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या १५ पेशंटवर पहिली चाचणी झाली, संपूर्ण डोक्याला ३० ग्रेच्या नेहमीच्या रेडिएशनसोबत. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत झेपतं का एवढंच पाहायचं असतं. झेपलं. पुढच्या टप्प्याची चाचणी त्यानंतर सुरू झाली.

मध्येच एक विषय उरकून घेतो, कारण तो येतोच. नाही, सुवर्णभस्म म्हणजे हे नव्हे. भस्मातले कण बारीक असतात हे खरं, पण पोटातून घेतलेलं भस्म गालाच्या पुंजक्यात जाऊन बसतं असं कुणी दाखवलेलं नाही. शिवाय कुणाकडून आणलेल्या पुडीत पारा किंवा शिसं असेल तर किडनीवर ताण येतो, आणि सिस्प्लॅटिन द्यायचं असेल तर किडनी हेच आपलं भांडवल. काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावत नाही, लपवल्यावर रागावतो.

आता दुसरा व्हिडिओ, एक्सरेनं पेटणारं औषध. ही कल्पना मला पहिलीपेक्षाही देखणी वाटते. मूळ उपचार जुना आहे: पेशंटला असं औषध द्यायचं जे नुसतं असताना निरुपद्रवी, पण त्यावर ठराविक रंगाचा उजेड पडला की शेजारच्या ऑक्सिजनला चेतवतं. तो चेतलेला ऑक्सिजन क्षणभरच टिकतो, पेशीच्या आकाराच्या शंभराव्या भागाइतकाही लांब जात नाही, पण तेवढ्यात भेटेल ते जाळतो. अडचण उजेडाची. लाल उजेडसुद्धा मांसात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. मुठीत टॉर्च धरून बघा. २००६ मध्ये वेई चेन आणि जुन झांग यांनी मांडलं की उजेड बाहेरून कशाला न्यायचा? आतच तयार करू. एक्सरे पडल्यावर चमकणारे नॅनोकण घ्यायचे, त्यांना हे औषध चिकटवायचं. एक्सरे कितीही खोल जातो, तिथं कण चमकेल, औषध पेटेल. जुन्या एक्सरे कॅसेटमधला पडदा चमकायचा, तेच तत्त्व. पुढं लँथॅनम फ्लोराईडपासून स्ट्रॉन्शियमच्या संयुगांपर्यंत, आणि शिकागोच्या वेनबिन लिन यांच्या गटानं केलेल्या हाफ्नियमच्या जाळीदार कणांपर्यंत, अनेक प्रकार निघाले. उंदरांत गाठी आक्रसल्या.

पण मला सवय आहे पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडायची. तर मांडू. एका पेशीचं वजन साधारण एक नॅनोग्रॅम. रोजच्या २ ग्रेमध्ये तिच्या वाट्याला सव्वा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं अगदी बारीक माप) ऊर्जा येते. उदार मनानं धरू की गाठीच्या वजनाच्या अर्धा टक्का हे कण तिथं पोचले. मेगाव्होल्ट किरणांत त्यांना ऊर्जाही साधारण अर्धाच टक्का मिळणार: साठेक हजार. चांगल्या चमकणाऱ्या कणानं त्यातली पंधरा टक्के उजेडात बदलली, तर नऊ हजार. हिरव्या उजेडाच्या एका कणाला सव्वादोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे पेशीमागे रोज चार हजार उजेडकण, ३३ दिवसांत सव्वा लाखाच्या थोडे वर. वाटेत एकही वाया गेला नाही, प्रत्येकानं एक ऑक्सिजन चेतवला, असंही धरा. केवळ या मार्गानं पेशी मारायला चेतलेले ऑक्सिजन लागतात काही कोटी. आपण शंभरातल्या एका भागालाही पोचलो नाही. किलोव्होल्टचे किरण वापरले तर हे चित्र अनेक पटींनी सुधारतं, पण मग पुन्हा कातडी जळण्याची जुनी कहाणी. यावर संशोधक म्हणतात, औषध एकट्यानं मारायला नकोच, रेडिएशननं जखमी झालेल्या पेशीला शेवटचा धक्का दिला तरी पुरे. ते शक्य आहे. उंदरांतले निकाल बहुधा त्यामुळेच चांगले येत असावेत. पण हा माणसांत अजून पहिल्या पायऱ्यांवरचा विषय आहे आणि त्याचं बिल कुणी फाडत असेल, तर तो संशोधक नव्हे.

मला विचाराल तर या सगळ्याचा पहिला खरा उपयोग आतून रेडिएशन देण्याच्या पद्धतीत होईल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आपण आत नळी ठेवून इरिडियम या किरणोत्सारी धातूचा स्रोत सोडतो. त्याची सरासरी ऊर्जा मेगाव्होल्टच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि मांसात विखुरल्यावर ती आणखी उतरते. तिथं जड धातूला थोडी तरी संधी आहे. हा माझा अंदाज, पैज नव्हे.

बरं, किरणांचं काम वाढवणारं दुसरं काही आहे की नाही? आहे, आणि ते शोभिवंत नसल्यानं त्याचे व्हिडिओ निघत नाहीत. ऑक्सिजन भरपूर मिळालेली पेशी ऑक्सिजन नसलेल्या पेशीपेक्षा अडीच-तीनपट सहज मरते. म्हणून हिमोग्लोबिन, खाणं, आणि लाईट चालू असताना तंबाखू-बिडी पूर्ण बंद. मग सिस्प्लॅटिन. कॅन्सरच्या अंतिम रिपोर्टमध्ये काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर आहे किंवा मानेतली गाठ फुटून बाहेर आलीय असं असेल, तर ते लाईटीसोबत देतात. ते किरणांची धार वाढवतं. किडनी किंवा कानामुळे सिस्प्लॅटिन चालत नसेल, तर टाटा मेमोरियलनं आपल्याच पेशंटवर करून २०२३ मध्ये छापलेला अभ्यास आहे: आठवड्याला थोडंसं डोसिटॅक्सेल रेडिएशनसोबत दिलं, तर दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनच्या ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ वर गेलं. औषध जुनं, जेनेरिक, कुठंही मिळणारं. नॅनोकणांच्या कुठल्याही निकालापेक्षा हा निकाल आज तुमच्या वडिलांच्या जास्त जवळचा आहे. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना एवढंच विचारा: लाईटीसोबत औषध लागणार का, आणि सिस्प्लॅटिन झेपेल का?

आणि वेळ. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हावी लागते. जखम भरत आलीय म्हणता, म्हणजे त्यातले तीन-चार आठवडे गेलेच असणार. दीड महिना थांबलात तर ते नऊ-दहा आठवड्यांवर जातं. सुरू झाल्यावरही खाडे नकोत. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये चारेक आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी जोरानं वाढू लागतात. उपचार एक दिवस लांबला की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्यानं घसरते. सोन्यानं मेगाव्होल्टमध्ये मिळणारा एक टक्का डोसचा आणि हा एक टक्का बरं होण्याचा, दोन्ही एका जातीचे नाहीत, हे कळतं मला. पण त्या एका टक्क्यामागे धावताना इकडचे टक्के हातचे जाऊ नयेत. आमच्याकडे पोळ्याला दोन दिवस, लक्ष्म्यांना तीन, कुणाच्या दहाव्याला एक, असे खाडे पडतात. दसऱ्यानंतर तर बीडकडचे पेशंट टोळीबरोबर कारखान्याला निघून जातात आणि पाडव्याला गाठ घेऊन परततात. "साहेब, एका दिवशी दोन दिवसांची लाईट द्या ना, लवकर उरकंल," असं एका बाबांनी मला हात जोडून विनवलं होतं. त्यांना कारखान्याची उचल फेडायची होती. तसं मनानं देता येत नाही. खाडा अटळ असेल तर आधी सांगा; सहा तासांच्या अंतरानं दोन सिटिंग बसवून भरपाई करण्याची रीत आहे, पण ती डॉक्टर ठरवतात.

एखादी गोष्ट सिद्ध व्हायला किती काळ लागतो, याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सव्वा लाखाहून जास्त बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासण्यांचा अभ्यास सुरू झाला. एचपीव्ही या विषाणूच्या एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी होतात, हा निकाल २००९ मध्ये आला. दहा वर्षं. तेव्हा व्हिडिओत 'नवीन शोध' ऐकलं की मी आधी साल विचारतो.

त्या केंद्राला फोन करायचाच असेल तर दोन गोष्टी विचारा. ही चाचणी आहे की मान्य उपचार? चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला नंबर मागा. मोबाईलवरही उघडून बघता येतो. चाचणीतल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेण्याची रीत नाही, मराठीत समजावून सही घ्यावी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचे नियम आहेत. मान्य उपचार आहे म्हणाले, तर भारतात कुणाची मान्यता, कुठल्या कॅन्सरसाठी, ते लेखी द्यायला सांगा. बहुतेक फोन इथंच कट होतो.

साडेचार लाख घरीच ठेवा. लाईटीचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. रेशनकार्ड, आधार, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट, चारही कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. पैसा लागणार आहे तो सात आठवडे शहरात राहण्याला, दोन माणसांच्या खाण्याला आणि नंतर गिळताना दुखेल तेव्हा दूध-अंड्याला.

एक काम मात्र उद्याच करा. वडिलांना दातांच्या डॉक्टरांकडे न्या. तंबाखूवाल्या तोंडात हलणारे, किडलेले दात असतातच. ते लाईटीच्या आधी काढावे लागतात, आणि हिरडी भरायला दहा-चौदा दिवस जातात. लाईटीनंतर त्याच जबड्यातला दात काढला तर हाड सडू शकतं. दात काढून झाले की मगच आम्ही तोंडाचा साचा घेतो. प्लॅस्टिकचा गरम मास्क असतो, चेहऱ्यावर बसवून पाच-दहा मिनिटं थंड होऊ देतात. त्या दिवशी वडिलांची दाढी-मिशी काढून आणा, नंतर काढली की साचा सैल होतो आणि सगळं परत करावं लागतं.